पोळ्यापर्यंतची बोली

—तसं नका लिहू साहेब. आधी वर लिहा, गाडी भाईदासची. मग खाली काय लिहायचं ते लिहा. नाही, चिडलो नाही मी, आवाजच असा आहे माझा—बैलबाजारात दलाली करण्यात जन्म गेला, हळू बोललं तर पलीकडच्या दावणीला ऐकू जात नाही. नीट बसा तुम्ही, त्या कडेला नको, तिथली बाज ढिली झालीय. धुळ्याहून एस.टी.नं आलात, शहाद्याला उतरलात, तिथून इथपर्यंत चिखल तुडवत आलात—कशासाठी? तर एका म्हाताऱ्याला एवढंच विचारायला, की त्या दिवशी स्कूटरवर कोण होतं. विचारा की. विचारायला आलात तर विचारा. पण गाडी कुणाची ते आधी लिहा, कारण सगळं तिथून सुरू होतं. ज्याचं जनावर त्याची जबाबदारी—हे तुमच्या कंपनीच्या आधीचं आहे, इंग्रजाच्याही आधीचं आहे.

ओळखलं ना मला? मी तर तुम्ही दारातून राम राम म्हणालात तेव्हाच ओळखलं, आवाजावरून. शांतीलाल जिनवाल्याकडून ही गाडी मी घेतली तेव्हा विमा तुम्हीच उतरवलात, शहाद्याला हॉटेलात बसून, आणि मी तुम्हाला विचारलं होतं, साहेब, हिला लाळ-खुरकूत झाली तर कंपनी देते का? तुम्ही असे हसलात की बशीतला चहा धोतरावर सांडला, माझ्या. मग समजावून सांगितलंत—भाईदासभाऊ, हा स्वस्तातला विमा, ह्यात तुमच्या गाडीचं काही मोडलं तर काही नाही, तुमचं स्वतःचं मोडलं तरी काही नाही, पण तुमच्या गाडीनं रस्त्यावरच्या परक्या माणसाला इजा झाली तर त्याला कंपनी भरून देते. मला पटलं ते. आपलं नुकसान आपण सोसायचं आणि दुसऱ्याचं भरून द्यायचं—आम्ही बाजारात दुसरं काय करतो? दर साली न चुकता हप्ता भरला मी, आणि इतक्या सालात कुणाला ओरखडा उमटला नाही माझ्या गाडीनं. आता उमटला. मग? दिवलीबाईला लागलं की नाही लागलं? लागलं. गाडी विम्यातली की नाही? विम्यातली. मग द्या ना तिला तिचं, मिटला प्रश्न.

बरं, सांगतो, परत सांगतो. बाजाराचा दिवस. लोणखेड्याचं वळण. रस्त्यावर काळी माती चढलेली, बैलगाड्यांनी कालवून ठेवलेली, तिथं अनवाणी माणूस घसरतो तर चाकाचं काय. दिवलीबाई आणि तिचा नवरा खात्या, दोघं डोंगरातली माणसं, निंदणीला खाली आली आहेत आमच्या गुजरांच्या शेतांवर. बाजार करून झोपडीकडे चालली होती. गाडी वळली, मागचं चाक सरकलं, आणि बाई डाव्या अंगाला होती ती—काय? उजव्या? फौजदारानं उजव्या लिहिलंय? मग उजव्याच असेल. त्या घाईत काय डावं-उजवं बघतो माणूस? मी ऐकलं ते असं, की—पाहिलं. पाहिलं ते असं, की ती पडली आणि पाय गाडीखाली सापडला. नडगी मोडली. ट्रकवाल्याच्या पाया पडून तिला नंदुरबारला नेली, आणि तिथून पुढं चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात. पाय राहील म्हणतात. राहील, पण निंदणी गेली, कापसाची वेचणी गेली, आणि डोंगरात चढल्या-उतरल्याशिवाय चूल पेटत नाही साहेब, पाणी खाली आणि घर वर. लंगडी बाई तिथं काय करणार? तिला कंपनीचा पैसा मिळाला पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ह्याच्यासाठी तुम्ही मला उलटसुलट विचारू नका.

येते की चालवता. लायसन आहे माझं, धुळ्याला जाऊन काढलेलं. पहिल्या दिवशी नव्हती येत, ते कबूल. पहिल्या दिवशी कुणाला येते? मी आयुष्यात सायकलला पाय लावला नव्हता. घोडी होती माझी, सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतलेली, तिच्यावर बसून मी तळोद्यापासून दोंडाईच्यापर्यंतचे सगळे बाजार केले. ती गेली, आणि दुसरी बांधायला मन होईना. तेवढ्यात शांतीलालनं स्कूटर विकायला काढली—का, तर त्याचं पोट आणि हँडल ह्यांचं जमेना. नवीन गाडीला नंबर लावा आणि म्हातारे होईपर्यंत वाट बघा. ही जुनी, रंग उडालेली, स्वस्तात मिळाली, घेतली. गावाबाहेर नेली, लाथ मारली, उठली. बसलो. सुटली ती सुटलीच. आणि मी काय करावं? घोडी थांबवायची सवय हाताला, मी लगाम ओढल्यासारखं हँडल छातीशी ओढतोय आणि वरून ओरडतोय, हो, हो, हो! आणि तिची सगळी चाल उजव्या मुठीत, मूठ मागं ओढली की ती जास्त पळते. जितकं थांबवतोय तितकी उधळतेय. केळीच्या बागेत शिरलो तेव्हा थांबली, चार खांब लोळवून. बागवाला माझा साडू निघाला म्हणून बरं. पण नंतर शिकलो, चांगला शिकलो. तर येते मला चालवता, हे लिहा.

आता? आता म्हणजे आजच्या घडीला? येतेच की. एकदा आलेलं जातं कुठं? काय म्हणालात, ह्या भिंतीवर काय आहे? कॅलेंडर आहे. कशाचं चित्र—देवाचं. देवाचंच असतं, आणखी कशाचं असणार? काय? ट्रॅक्टरचं? ट्रॅक्टरचं कॅलेंडर कुणी आणलं घरात? तुम्ही विम्याचे साहेब आहात की डोळ्याचे डॉक्टर? बरं बाबा, कमी दिसतं. मोतीबिंदू पिकायला लागलाय, दोन्हीकडे. तुमचं तोंड मला दिसत नाही, नुसतं टोपीचं पांढरं दिसतं. बैलाचे दात मी आता बोटानं चाचपून सांगतो, आणि बाजारातली कालची पोरं तोंडावर हात ठेवून हसतात, तेही मला दिसत नाही, ऐकू येतं. लपवून काय करू? त्याच्यापायीच तर गाडी फत्तेसिंगला दिली—

हं.

दिली म्हणजे तशी नाही. झालं, गेलं तोंडातून. आतून हसली का आमची घरची? नाही, हसत नाही ती, कपाळ बडवत असेल. परवाच म्हणाली मला—तुमना डोया तं गयात, आते जीभबी सुटी गयी का? काय करी ऱ्हायनी वं आत? चहा मांड ना पाहुण्यांना! साहेब, पेन खाली ठेवा जरा. ठेवलंत का? मला दिसत नाही म्हणून ठेवलं म्हणू नका, खरंच ठेवा. मग सांगतो.

फत्तेसिंग म्हणजे आमचा हिवतापवाला. सरकारी माणूस. धडगावकडच्या एका पाड्यातला पावरा आदिवासी, त्या पाड्यातला पहिला मॅट्रिक. घरोघर जायचं, ताप आलेल्याचं बोट टोचायचं, काचेवर रक्त घ्यायचं, भिंतींवर औषध मारून घ्यायचं. डोंगराच्या कडेनं सगळी गावं त्याच्याकडे, आणि सायकलवरून फिरून फिरून त्याची पिंढरी दगडाची झालेली. माझ्या घरी दर पावसाळ्यात येतो, माझंही बोट टोचतो, आणि मी त्याला म्हणतो, अरे, म्हाताऱ्या बैलाचं रक्त घेऊन काय करणार? एक दिवस अंगणात गाडी बघत उभा राहिला. म्हणाला, काका, उभीच आहे? म्हटलं, मालकाला दिसत नाही, ती काय करील, उभीच राहील. मग दोन-तीनदा आला, बोलला काही नाही, नुसता सीटवर हात फिरवून जायचा. मला कळतं ते. गिऱ्हाईक पाठीवर हात फिरवायला लागलं की सौदा होणार. नागपंचमीला झाला.

आणि असा झाला, साहेब, जसा बैलाचा होतो. अशाच ओसरीवर. मी रुमाल टाकला हातांवर, त्यानं खाली हात घातला, मी किमतीची बोटं धरली. काय धरलं ते तुम्हाला सांगणार नाही, रुमालाखालचं रुमालाखाली. पण कमी धरलं, हे सांगतो. त्याचा हात थांबला, त्याला वाटलं मी चुकलो. मग मी सगळ्या खोडी सांगितल्या, एकूण एक, माझ्या बापानं मला तेच शिकवलं की खोड सांगितली नाही तर तो सौदा नव्हे, ती चोरी. डाव्या अंगाला ओढते. थंडीत पहिल्या लाथेला उठत नाही. भोंगा रडतो. ओल्या रस्त्यावर मागचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, ढुंगण फिरवते—हे दोनदा सांगितलं. त्यानं मान डोलवली. मग मी त्याला गावाबाहेर माळावर नेला शिकवायला. मी मागं बसलो. आंधळा मास्तर आणि पहिल्यांदा बसलेला विद्यार्थी, हसा तुम्ही, मीही हसलो. पण पोरगं हुशार, त्याला माझ्यासारखं हो-हो करावं लागलं नाही. लायसन धुळ्याला जाऊन काढायचं होतं त्याला, रजा मिळत नव्हती. म्हणाला, पोळ्याच्या सुट्टीत जातो.

आता दाव्याचं सांगतो, बैलाच्या दोराचं, कारण सगळं तिथं अडलंय. बैल विकला तर त्याचं दावं आम्ही देत नाही. जनावर दिलं, दावं ठेवलं. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. का? कारण दावं दिलं तर दावणीची लक्ष्मी जाते. आणि दुसरं म्हणजे, बोली पुरी होईपर्यंत माझं दावं माझ्या खुंटीला लटकत असतं, ते सगळ्यांना दिसतं, की हे जनावर अजून भाईदासच्या बोलीत आहे. नागपंचमीला विकलेल्या बैलाची बोली पोळ्यापर्यंत. तोवर बैल बसका निघाला, मारका निघाला, रातआंधळा निघाला, तर आणून बांधायचा माझ्या दावणीला आणि आपले पैसे न्यायचे. तोवर त्यानं कुणाला शिंग मारलं तर औषधपाणी माझं. अमळथ्याच्या एका माणसाला माझ्या विकलेल्या गोऱ्ह्यानं पाडला होता, मी त्याच्या खाटेशी जाऊन बसलो, घरी खायला धान्य पोचवलं, पोळा उलटून गेला तरी पोचवलं. तेव्हा कुणी मला विचारलं नाही, बैलाच्या कासऱ्याला कोण होतं म्हणून. आणि गाडीचं दावं कोणतं? तिचं ते मालकीचं पुस्तक, आणि तुमच्या विम्याचा कागद. दोन्ही पेटीत आहेत माझ्या, पंच्यात बांधून. मी ठेवून घेतले नाहीत हो, फत्तेसिंगच म्हणाला, काका, दावं तुमचं, राहू द्या तुमच्याकडे. त्याच्या डोंगरातही तशीच रीत आहे. मला किती बरं वाटलं सांगू? शिकलेला माणूस, सरकारी माणूस, पण रीत विसरला नाही.

काय म्हणता? विकली की विमा सुटला? त्याच दिवशी? पुस्तकावर नाव माझं असलं तरी? असं कसं सुटतो, मी हप्ता सालाचा भरलाय, साल कुठं सरलंय? बरं. बरं, समजलं. माणसाशी करार आहे, गाडीशी नाही. मालक बदलला की कंपनी मोकळी. मग माझं ऐका साहेब—मालक बदललाच नाही. पोळा आलाय का? नाही आला. बोली पुरी झाली का? नाही झाली. मग विकली कुठं? बोलीत आहे ती. पैसे? पैसे घेतले हो, पैसे तर पहिल्याच दिवशी घेतात, पण ते परत द्यायचेही असतात की गरज पडली तर! तुम्ही पैशावर का जाता? दावं बघा, दावं कुणाकडे आहे?

बोला ना काहीतरी. तुम्ही गप्प बसलात की मला कळत नाही तुम्ही मानलंत की नाही मानलंत. दिसणारा माणूस तोंडावरून ओळखतो.

खरं काय झालं ते सांगू? फत्तेसिंग बाजारातून निघाला, डब्यात त्या रक्ताच्या काचा होत्या, त्या नंदुरबारला पोचवायच्या होत्या. वळणावर दिवलीबाई दिसली आणि त्यानं मागचा ब्रेक दाबला, जोरात. जे दोनदा सांगितलं तेच केलं. नवशिका माणूस, समोर बाई, पाय आपोआप दाबणारच, मी काय त्याला दोष देऊ? मी बाजारातच होतो, कुणीतरी ओरडत आलं, भाईदासच्या गाडीनं बाई पाडली. माझ्याच गाडीनं म्हणाले, बघा. बैलगाडीतून गेलो. फत्तेसिंग चिखलात बसलेला, तिचा पाय मांडीवर सरळ धरून. बाई ओरडतही नव्हती. आणि खात्या उभा होता. काठी होती त्याच्या हातात, ती त्यानं उचलली नाही. शिवी नाही, आरडाओरडा नाही. त्यानं एवढंच विचारलं, आमच्या भाषेत, की हे जनावर कुणाचं? फत्तेसिंगनं तोंड उघडलं. आवाज फुटायच्या आधी मी बोललो. मन्हं शे. एवढंच बोललो मी. मन्हं शे.

हे खोटं आहे का? सांगा मला, ह्यात काय खोटं आहे? बोलीतलं जनावर, माझंच. खात्यानं मान डोलवली, त्याचं समाधान झालं. आता कुणाकडे बघायचं ते त्याला कळलं. मग फौजदार आला, त्यानं विचारलं, गाडी कुणाची, म्हटलं माझी. तुमच्या पायाला काय झालं, म्हटलं चिखलात घसरलो—तेही खरंच, बैलगाडीतून उतरताना घसरलो होतो. त्यानं जे समजायचं ते समजलं, लिहून घेतलं, मला चौकीवर बसवलं, सोडलं. डोळे बघून म्हणाला, म्हाताऱ्या, आता काठी घेऊन चाल, गाडी सोड. मी आजपर्यंत एक अक्षर खोटं बोललो नाही साहेब. तुमच्याशी बोललो थोडं, ते डावं-उजवं. तेवढंच.

फत्तेसिंग? तो चिंचपाड्यालाच आहे, दिवलीबाईच्या खाटेशी. काल आला होता. इथं, तुम्ही बसलात तिथं बसला आणि म्हणाला, काका, मी जाऊन सांगून टाकतो. म्हटलं, काय सांगतोस? लायसन नव्हतं, विमा नव्हता, सरकारी काचा घेऊन चाललो होतो आणि बाई पाडली—हे सांगतोस? नोकरी जाईल. जाऊ दे म्हणाला. अरे, तुझी जाईल ती जाईल, पण तिचं काय? तू बोललास की कंपनी मोकळी, मग तिला कोण देणार, तू? बिनपगाराचा? तेव्हा डोकं धरून बसला. मग जे बोलला ते—

नाही, काही नाही. चहा घ्या. घेतला? बशी खाली ठेवा, ती नेईल.

सांगतोच. आता एवढं सांगितलं. तो म्हणाला, काका, मी तुम्हाला विचारलं होतं. आणि विचारलं होतं त्यानं. सौदा झाला त्याच दिवशी, रुमाल अजून मांडीवर होता माझ्या. म्हणाला, काका, शहाद्याला विम्याचे साहेब येतात ना, त्यांच्याकडे जाऊन माझ्या नावानं विमा उतरवू का? सरकारी माणूस आहे, कागद सरळ असलेला बरा. आणि मी हसलो. मी हसलो साहेब. म्हटलं, अरे वेड्या, बोलीतल्या बैलाला कुणी दुसऱ्यांदा मालकीचा डाग देतं का? माझा विमा चालू आहे, पोळ्यापर्यंत गाडी माझी, दोनदा पैसे कशाला भरतोस? पोळा होऊ दे, मग मी स्वतः तुझ्याबरोबर येतो, पुस्तक देतो, साहेबांना सांगतो. त्यानं ऐकलं. मोठा माणूस सांगतो म्हणून ऐकलं. त्याच्याजागी बाजारातलं कुणी बेरकी असतं तर म्हणालं असतं, भाईदास, तुझी बोली तुझ्याजवळ ठेव. हा म्हणाला, बरं काका.

त्याला माहीत होतं, मला नव्हतं. आणि मी कशाच्या जोरावर बोललो? ह्या बाजारात आता पावती फाडतात, समितीचा शिक्का मारतात, बैल नेणारा विचारतो, पावती कुठाय, बोली कुणी विचारत नाही. कितीतरी सालांनी एक माणूस असा भेटला की ज्यानं माझ्या शब्दावर गाडी नेली, दाव्यासकट समजून नेली. मला चढलं ते. खरं सांगतो, मला चढलं. मोठेपणाची हौस फिटली माझी, आणि पाय मोडला दिवलीबाईचा. मला झोप नाही. डोळे मिटले काय, उघडे काय, मला सारखंच, पण झोप नाही. खात्या काठी न उचलता उभा आहे, एवढंच येतं समोर.

आता तुम्हाला सगळं कळलं. आणि कळायला नको होतं ते तुम्हालाच कळलं. फौजदाराला नाही, बाजाराला नाही—ज्याच्या हातात तिचा पैसा, त्यालाच मी घरात बसवून, चहा पाजून सांगितलं. घरची म्हणते तेच खरं. लिहा. काय लिहायचं ते लिहा, तुम्ही कंपनीचं मीठ खाता, मी तुम्हाला बोल लावणार नाही. तिला मी माझ्या शेतातून देईन, जे होईल ते देईन, पण दोन बिघ्यांतून काय निघतं आणि मी किती जगतो?

हे काय वाजलं? काय फाडलंत? कागद? कोणता, मघाचा? सगळा? साहेब—

काय लिहिताय आता? पेन वाजतंय, मला ऐकू येतं. आता कुणाचं लिहिताय? वाचा. मोठ्यानं नको, ती आत आहे. हळू वाचा. 'गाडी माझ्या मालकीची असून मी ती विकलेली नाही.' हं. हे मी मानतो. पोळ्यापर्यंत हे खरं आहे, ह्याच्यावर मी देवासमोर हात मारीन. पुढं? 'सदर वेळी गाडी मी स्वतः चालवत होतो.'

हं.

आणि पुढं? वाचा, अजून आहे, तुम्ही थांबलात म्हणजे अजून आहे. 'माझी दृष्टी चांगली असून मला रस्ता स्वच्छ दिसत होता.' हे कशाला? हे नाही लिहिलं तर नाही चालत? आंधळा चालवत होता म्हटलं तर कंपनी पुन्हा हात वर करील. बरोबर. तुमचं बरोबर आहे. तुम्ही तुमची भाकरी माझ्यासाठी टांगून ठेवताय, आणि मी शब्द निवडत बसलोय.

पण साहेब, हे मी म्हणालो नव्हतो. मी म्हणालो होतो, जनावर माझं. त्याच्यापुढं मी एक अक्षर बोललो नव्हतो. बापानं दावणीला उभं केलं त्या दिवसापासून, हजार बैल फिरवले असतील ह्या हातानं, एकाचा दात चोरून सांगितला नाही, मारका नाही म्हणून सांगून मारका विकला नाही. भाईदास खोटं बोलला असं म्हणणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांना नाही. तो आता एक होईल, आणि तो मीच असेन. नाही, तुम्हाला नाही म्हणत. तुम्ही चांगलंच करताय. दिवलीबाईला मिळेल ना पण? पक्कं? सगळं? आणि फत्तेसिंगचं नाव कुठंच नाही ना, कोपऱ्यातही नाही? परत बघा एकदा. नाही ना?

मग आणा. पेन द्या. सही येते मला, अंगठा नको, मी चौथी शिकलोय. कुठं करायची? इथं? नाही? अजून खाली? बोट ठेवा तुमचं तिथं. माझं बोट धरा आणि ठेवा तिथं, 'स्वच्छ दिसत होता'च्या खाली. हं. हलू नका.

आली का रेघेवर? बरं.

निघा आता. एस.टी. चुकेल तुमची. आणि वाटेत बाजारातलं कुणी भेटलं, विचारलं, भाईदासकडे पोळ्याला जोडी मिळेल का बोलीवर, तर सांगा, नाही म्हणून. ह्या पोळ्याला नाही, पुढच्याही नाही. पावतीवाल्याकडे जा म्हणावं. राम राम नका म्हणू साहेब. जा.